झोप उडालीय आणि पुढचंही काही सुचत नाहीये: कॉलेजात नेमकं कुणाचं दार वाजवायचं?

नोव्हेंबरातली दुपार. अंतर्गत परीक्षेचे गठ्ठे तपासत बसले होते. टीवायबीएस्सीचा एक मुलगा दारात उभा राहिला. "मॅडम, एमपीएससीच्या पुस्तकांची यादी मिळेल का?" मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे ही विचारणा नेहमीची. यादी लिहून दिली. तो गेला नाही. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "पुस्तकं आणून तरी उपयोग होईल का माहीत नाही. तीन आठवडे झाले, पहाटे चारशिवाय डोळाच लागत नाही."

हा मुलगा एकटा नाही. तीन-चार जणांची मिळून ही गोष्ट सांगतेय, ओळख पटू नये म्हणून. पण दारातलं ते दृश्य दर वर्षी घडतं. करिअरचा प्रश्न घेऊन आलेल्याची झोप गेलेली असते, आणि झोप गेली म्हणून आलेल्याच्या मनात "पुढे काय" हेच घोळत असतं. गाठ एकच. कॉलेजच्या कारभारात मात्र ती चार खोल्यांत वाटलेली: मनाचं समुपदेशन कक्षात, नोकरीचं प्लेसमेंट सेलमध्ये, पैशाचं शिष्यवृत्तीच्या खिडकीवर, केटीचं, म्हणजे राहिलेल्या विषयांचं, परीक्षा विभागात. या खोल्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यामुळे त्यांच्यातला निरोप्या तुम्हालाच व्हावं लागतं. ते कसं व्हायचं, हे पुढे लिहिलंय. माझा अनुभव पुणे जिल्ह्यातल्या एका संलग्न कॉलेजचा आहे. इतर विद्यापीठांत नावं थोडी बदलतील, खोल्या याच असतील.

आधी अर्धं पान लिहा

कुठेही जाण्याआधी वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी उतरवा. गेल्या दोन आठवड्यांत झोप, जेवण आणि हजेरी कशी होती. हे कधीपासून सुरू झालं, आणि त्या सुमारास काय घडलं होतं (निकाल, घरातलं आजारपण, रूम बदलली, मैत्री तुटली). कोणता निर्णय डोक्यावर आहे. आणि त्या निर्णयाची खरी तारीख कोणती.

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. "मला करिअर ठरवायचंय" ही तारीख नसते. "परीक्षा अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते" ही तारीख असते. बरीच मुलं ज्या गोष्टीने रात्रभर जागी असतात, तिला तारीखच नसते. आणि जिला तारीख असते तो अर्ज मात्र भरायचा राहून जातो.

आता पानाकडे बघून क्रम लावा. झोप-जेवण बिघडलं असेल तर पहिलं दार समुपदेशकाचं. करिअरचा मोठा निर्णय तोवर थांबू द्या. तीन आठवडे न झोपलेल्या माणसाने शाखा बदलायची, कॉलेज सोडायचं किंवा क्लासला लाखभर रुपये भरायचे असं ठरवू नये, हे माझं ठाम मत. झोप ठीक आहे, फक्त दिशा नाही, तर सरळ प्लेसमेंट सेल आणि माजी विद्यार्थ्यांकडे जा. आणि सगळ्याच्या मुळाशी मेसचे थकलेले पैसे असतील, तर शिष्यवृत्तीची खिडकी हेच तुमचं पहिलं समुपदेशन.

समुपदेशन कक्ष

हा कक्ष शोधणं हीच कधी कधी पहिली परीक्षा. आमच्याकडे तो बरीच वर्षं प्राचार्यांच्या केबिनला लागून होता. आत जायचं तर ऑफिससमोर रांगेत उभ्या असलेल्या पन्नास जणांसमोरून जावं लागे, आणि आत अर्ध्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुली मैत्रिणीला सोबत आणायच्या आणि "हिच्यासाठी आलोय" म्हणायच्या. कुणासाठी आल्यात ते पाचव्या मिनिटाला कळायचं. तुमच्याकडेही असंच असेल तर समुपदेशकाला आधी मेसेज करा आणि वेळ मागा. ग्रंथालयाच्या मागची खोली, रिकामा वर्ग, फोन, यातलं काहीही चालतं.

"आमच्या कॉलेजात समुपदेशकच नाही" असं उत्तर मिळालं तर एक गोष्ट माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात, वेबसाइटवर ठळक अक्षरांत लावावेत. त्याच निकालात विद्यार्थी आणि पालकांसाठी नियमित करिअर समुपदेशनाचाही उल्लेख आहे, म्हणजे ती गाठ न्यायालयालाही दिसली. प्राचार्यांना अर्ज लिहिताना या सूचनांचा संदर्भ द्या. भांडायला नव्हे, त्यांनाही वर प्रस्ताव पाठवायला आधार लागतो.

बऱ्याच ठिकाणी समुपदेशक म्हणजे मानसशास्त्र शिकवणारे सर किंवा मॅडम असतात. पहिल्या भेटीला ते पुरतं. पण तेच तुमचे पेपर तपासणार असतील आणि तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल, तर तसं सांगा आणि दुसरं नाव मागा. त्यात उद्धटपणा काही नाही.

पहिल्या भेटीत काय बोलायचं? ते अर्धं पान समोर ठेवा. "मॅडम, मला नीट सांगता येणार नाही, हे वाचा" एवढं म्हटलं तरी चालतं. मग एक प्रश्न तुम्ही विचारा: "हे घरी किंवा विभागात कुणाला कळेल का?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद असतो, आणि चांगला समुपदेशक ते आधीच सांगतो. भेट साधारण पाऊण तासाची असते. पहिल्या भेटीत बराच वेळ माहिती देण्यातच जातो, त्यामुळे बाहेर पडताना "काहीच झालं नाही" असं वाटतं. तीन वेळा जा, मग ठरवा. तिसऱ्या भेटीनंतरही नुसता उपदेशच मिळत असेल, तर माणूस बदला.

उपदेशाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी तोच दिलाय. रडत आलेल्या एका मुलीला मी "पॉझिटिव्ह विचार कर, सकाळी लवकर उठून चालायला जा" असं सांगितलं होतं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि त्यानंतर जिन्यात मी दिसले की वळायला लागली. चालणं चांगलंच, पण ते तिने विचारलंच नव्हतं.

कुणाकडे काय मिळतं हेही लक्षात ठेवा. समुपदेशक बोलून वाट काढायला मदत करतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासण्या आणि मानसोपचार करतो. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशकाने मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे "वेडाचं" काही नाही. ताप उतरेना म्हणून फॅमिली डॉक्टर पुढे पाठवतात, तसंच ते. खर्चाची भीती असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथली ओपीडी बाहेरच्या रुग्णांसाठी असते. गेलं की दाखल करून घेतात हा गैरसमज आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून किंवा महिन्याने "बरं वाटतंय" म्हणून त्या स्वतःच बंद करू नका.

रात्रीचे दोन वाजलेत आणि कक्ष बंद आहे

१४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, गरज नसली तरी. रूममेटला लागेल.

आणि रूममेट "जगावंसं वाटत नाही" असं म्हणाला, तर त्याला थेट विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, रेक्टरना उठवा, धोका समोर दिसत असेल तर १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) लावा. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली असेल तर ती मोडा. पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. कायद्याने अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता असंच गृहीत धरलंय.

पैशाची खिडकी

महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज दर वर्षी कुणाचा तरी बँक खात्याशी आधार जोडलेलं नाही म्हणून अडकतो, आणि तो विद्यार्थी मार्चमध्ये माझ्यासमोर "मन लागत नाही" म्हणून बसतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच शिष्यवृत्तीच्या क्लार्ककडे जा. फी पलीकडच्या खर्चाचंही विचारा: वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती वर्षात ठरावीक वेळीच निघतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. तरीही शुल्क मागितलं तर लेखी विचारा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना विद्यार्थी विकास मंडळातर्फे चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम. पैसे फार नसतात. पण रोज दोन तास ठरावीक ठिकाणी जायचं, चार माणसं नावाने हाक मारतात, हे खोलीत कोंडून घेतलेल्या मुलाला औषधासारखं लागू पडलेलं मी पाहिलंय. राष्ट्रीय सेवा योजनेचंही तेच. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. पहिल्या दोन दिवशी सगळे कुरकुरतात, सातव्या दिवशी एसटीत बसताना रडतात.

परीक्षा विभाग: थांबता येतं, परतही येता येतं

"वर्ष वाया गेलं" या तीन शब्दांनी जेवढी मुलं हबकतात तेवढी कशाने हबकत नाहीत. म्हणून ही खोली मी मानसिक आरोग्याच्याच यादीत धरते.

नापास झाला असाल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा, ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. मुदत थोड्या दिवसांचीच असते, त्यामुळे निकालादिवशी रडून घ्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर जा. एटीकेटीचा (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम मित्राकडून ऐकू नका, तुमच्या अभ्यासक्रमाच्या अध्यादेशातून वाचा. मित्र बहुतेक वेळा जुन्या पॅटर्नचा असतो.

तब्येतीमुळे खरंच थांबावं लागणार असेल, तर नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या अभ्यासक्रमांत तशी सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मध्येच बाहेर पडताना प्रमाणपत्र हवं असेल तर अधिकचे ४ क्रेडिट पूर्ण करावे लागतात. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि साधारण ७ वर्षं ग्राह्य असतात. मात्र नुसतं येणं बंद करू नका. अर्ज द्या, डॉक्टरांचं पत्र जोडा, तुमचा अपार आयडी (विद्यार्थी ओळख क्रमांक) आणि क्रेडिट जमा झाल्याचं तपासा. अर्ज न देता गेलेली मुलं दोन वर्षांनी परत येतात तेव्हा त्यांचं नाव पटावर नसतं, आणि मग खरा त्रास सुरू होतो.

डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता किंवा दीर्घकाळचा मानसिक आजार हे दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहेत. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळू शकतात; लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ या त्यातल्या मुख्य. या सवलतींसाठी समान संधी कक्ष नावाची पाटी शोधा. पाटी नसेल तर परीक्षा अधिकाऱ्यांना भेटा, पण वर्षाच्या सुरुवातीला. हॉलतिकीट हातात आल्यावर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

करिअरची खोली

प्लेसमेंट सेलकडून काय मिळत नाही ते आधी सांगते: तुम्हाला काय आवडतं याचं उत्तर. टीपीओंच्या, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांच्या, हातात कंपन्यांची यादी, पात्रतेचे निकष आणि मुलाखतीच्या तारखा असतात. त्यांच्याकडे "सर, मी काय करू?" असं विचारत गेलात तर "बायोडेटा तयार करून ये" हेच ऐकाल. "गेल्या तीन वर्षांत आपल्या विभागातली किती मुलं कुठे लागली, आणि त्यांना काय विचारलं होतं?" असं विचारा. ही माहिती नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, जमवलेलीच असते.

कल कळण्यासाठी चाचणी हवी असेल तर मानसशास्त्र विभागात विचारा. बऱ्याच विभागांत अभिक्षमता चाचण्यांचे संच असतात आणि एमएच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी माणसं हवीच असतात. पण चाचणीला कुंडलीचा मान देऊ नका. दहावीतली कल चाचणी किती जणांना आठवते?

चाचणीपेक्षा मला भरवसा वाटतो तो ओजेटीवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणावर, आणि फील्ड प्रोजेक्टवर. आता अभ्यासक्रमात ते असतातच, आणि निम्मी मुलं ओळखीच्या दुकानातून सहीशिक्क्याचा कागद आणून मोकळी होतात. तो कागद तुम्हाला चार क्रेडिट देईल. खरं काम केलंत तर "हे आपल्याला जमणार नाही" हे तरी कळेल. आमच्या रसायनशास्त्राच्या एका मुलीला कुरकुंभ एमआयडीसीत पंधरा दिवसांत उमगलं की प्रयोगशाळा तिला आवडते, रात्रपाळी नाही. तिने पुढे जे निवडलं ते या एका वाक्यावर निवडलं.

तेही जमत नसेल तर माजी विद्यार्थी. विभागातल्या सरांकडून दोन-तीन नंबर घ्या (सरांनी त्यांना आधी विचारू द्या) आणि असा मेसेज करा:

"नमस्कार दादा, मी आपल्या कॉलेजात टीवायबीएस्सी रसायनशास्त्राला आहे. तुमचा नंबर विभागातल्या सरांनी दिला. नोकरीसाठी मेसेज करत नाहीये. तुमचं रोजचं काम नेमकं कसं असतं ते समजून घ्यायचंय. रविवारी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? तीनच प्रश्न आहेत."

ते तीन प्रश्न मी असे देते: दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा तास कोणता? पहिल्या वर्षी खोलीभाडं जाऊन हातात किती उरायचं? आणि पुन्हा टीवायला असता तर काय केलं नसतं? तिसऱ्या प्रश्नाला माणसं खरं बोलतात.

स्पर्धा परीक्षेबद्दल दोन शब्द, कारण दारातला तो मुलगा तिथूनच सुरू झाला होता. तयारी करायची तर करा. ग्रंथालयाची अभ्यासिका, प्रश्नपत्रिका, जुनी मासिकं सगळं कॉलेजात आहे, पुण्यात जाऊन खोली घेण्याआधी ते वापरा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, तेव्हा रोज एक पान लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या. पण पहिल्याच दिवशी वहीवर थांबायची तारीख लिहा: किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत. आणि ती तारीख घरातल्या एका माणसाला माहीत असू द्या. पाचव्या प्रयत्नाला बसलेला मुलगा ती तारीख स्वतः लिहूच शकत नाही.

घरी कसं सांगायचं

फोनवर नको, आणि निकालाच्या दिवशी तर नकोच. सणाला घरी गेलात की जो आधी ऐकून घेतो त्याला एकट्याला गाठा. पुष्कळ घरांत ती मोठी बहीण किंवा मामा असतो. "मला डिप्रेशन आहे" याने आई घाबरते आणि वडील गप्प होतात. "महिनाभर झोप नाही, वजन कमी झालंय, कॉलेजातल्या मॅडमनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय" हे कळतं. पटत नसेल तर पालकांना समुपदेशकाकडे घेऊन या. त्यांच्यासमोर बोलणं हे समुपदेशकाच्या कामातच येतं.

दार उघडलंच नाही तर

तोंडी विनंतीला कॉलेजात आयुष्य नसतं. अर्ज दोन प्रतींत लिहा, आवक-जावक टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्या क्रमांकाने अर्ध्या फायली हलतात. तरीही हलली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती; यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती. सोबत मैत्रीण किंवा विश्वासातल्या मॅडम असल्या तर बरं.

मेंटॉर म्हणून नेमलेल्या शिक्षकालाही विसरू नका. मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर बऱ्याचदा नॅकची समिती येण्याआधीच्या आठवड्यात एकाच पेनाने भरलं जातं, मीही भरलंय. पण मेंटी स्वतः येऊन समोर बसला तर "नंतर ये" म्हणणारे शिक्षक मी कमी पाहिलेत.

दारातल्या मुलाला मी त्या दिवशी यादीमागेच समुपदेशकांचा नंबर आणि परीक्षा अर्जाची तारीख लिहून दिली. फेब्रुवारीत तो पुन्हा आला. कागद तोच, घड्या पडून चार तुकडे व्हायच्या बेतात. पुस्तकांपैकी दोनांवर खूण होती, नंबराखाली तीन भेटींच्या तारखा होत्या, आणि कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेलं: "झोप – १२.३०."